डावीकडची सीट

माझं वजन छप्पन्न किलो. हे मी कुणाला सांगत फिरत नाही, पण मिरज रोडवरच्या गुंडा मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे, कारण आमच्या ह्यांनी ते तिथल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. मागची सीट, स्टेपनी, जॅक, पायाखालच्या चटया, आणि त्याखाली 'सुहासिनी आणि डावीकडची सीट'. सगळ्याची बेरीज करून खाली दोन रेघा मारल्या होत्या. एवढं ओझं गाडीतून उतरवायचं होतं.

हे म्हणजे चिंतामण. नाव तोंडानं घ्यायची सवय नाही, लिहायला हरकत नाही. साखर कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये टर्बाइनच्या शेजारी सगळी नोकरी झाली. चौऱ्याण्णव साली रिटायर झाले. त्याच उन्हाळ्यात ज्ञानदाला, आमच्या एकुलत्या एक मुलीला, बंगलोरला नोकरी लागली आणि सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी सासूबाईंच्या आजारपणात शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडलेली, सासूबाई जाऊनही वर्ष झालेलं. मला वाटलं होतं, आता फियाट काढायची, औदुंबरला जायचं, नृसिंहवाडीला जायचं, वाटेत गाडी थांबवून भडंग खायचं. दोघांनी गप्पा मारायच्या. फार मोठी अपेक्षा नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

ह्यांनी फियाट काढली खरी, पण ती गुंडाच्या गॅरेजमध्ये नेऊन उभी केली.

साताऱ्याच्या कुठल्याशा मोटार क्लबानं यवतेश्वरच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत ठरवली होती. खालून वर, एकेक गाडी सोडायची, कोण कमी वेळात चढतो ते बघायचं. पेपरात चार ओळींची बातमी होती. ह्यांनी ती दोनदा वाचली आणि चहा गार झाला. साठीला आलेल्या माणसाला हे कसलं खूळ, म्हणून मी हसले. मग बघितलं तर गडी पेन्सिल घेऊन बसलेला. कारखाना सुटल्यापासून ह्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं नव्हतं, तेव्हा म्हटलं, चालू दे.

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायची, त्यामुळे पुढचं मला समजायला फार वेळ लागला नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा जितकी जास्त दाबाल तितका स्फोटाला जोर. दाब वाढवायचा सोपा उपाय म्हणजे इंजिनचं हेड लेथवर थोडं घासून घ्यायचं, म्हणजे वरची जागा कमी होते. गुंडानं ते घासून आणलं. गाडी खरंच पळायला लागली. पण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की मिश्रण ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपणच पेटतं, नको त्या क्षणी. पिस्टन वर येत असतो आणि वरून त्याच्या डोक्यात हातोडा बसतो. याला गॅरेजवाले नॉकिंग म्हणतात. तो आवाज बारीक असतो, कढईत मोहरी तडतडावी तसा, आणि तो वेळेवर ओळखला नाही तर इंजिनाचा जीव जातो.

तो आवाज ह्यांना ऐकू येत नव्हता.

ह्यांचे कान गेले आहेत हे मला त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. टर्बाइनच्या शेजारी जन्म गेल्यावर दुसरं काय होणार? बारीक आवाज आधी जातात. कारखान्याचा भोंगा ऐकू येतो, दाराची बेल येत नाही. ज्ञानदाचा फोन आला की "बरं, बरं, आईला देतो" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात. लोक हल्ली पुटपुटतात, असं ह्यांचं म्हणणं. डॉक्टरांचं नाव काढलं की, "मला सगळं ऐकू येतं, ऐकण्यासारखं असलं तर." असं उत्तर मिळाल्यावर दुसऱ्यांदा कोण विचारणार?

पहिल्या चाचणीला मी सहज बरोबर गेले होते. मिरजेच्या पुढं दंडोबाच्या डोंगराचा चढ आहे. गाडी टॉप गिअरमध्ये ठेवून ह्यांनी पाय दाबला, आणि मला मोहरी ऐकू आली.

"वाजतंय हो," मी म्हटलं.

"कुठं?"

"आत्ता. हे बघा, अजून वाजतंय. हां, पाय सोडलात, थांबलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मागच्या सीटवर गुंडा होता, तो म्हणाला, "व्हय की! वैनींचं कान लय तिखट हाईत, सायेब. मला मागं काय बी कळलं न्हाई."

त्या दिवसापासून मला काम मिळालं. रोज सकाळी दंडोबा. गुंडा बॉनेट उघडून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, केसभर मागं-पुढं करायचा, हे पाय दाबायचे, आणि मी कान देऊन बसायची. वाजलं की म्हणायची, "आलं." थांबलं की, "गेलं." दिवसभरात आमचं एवढंच बोलणं व्हायचं, पण ते कुणाला तरी हवं होतं. ज्यांनी आयुष्यात माझ्या भाजीला बरी-वाईट म्हटलं नाही ते माझ्या एका शब्दावर पाय उचलायचे. मी सकाळी लवकर उठून साडी बदलायची, वेणी घालायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, रोज कुठं जाता? मी म्हटलं, दोघं फिरायला जातो. खोटं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा मी इतकी खूश नव्हते, आणि हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

मग ह्यांना आणखी ताकद हवी झाली. ऊसवाल्या मुलखातला माणूस, ह्यांना काय सुचावं? कारखान्यात मळीपासून स्पिरिट निघतं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रण जास्त दाब सोसतं, लवकर पेटत नाही. रीतसर परवाना काढून ह्यांनी कॅन आणले. मोहरी एकदम थांबली. मी शेजारी बसून "नाही, नाही, काही नाही" म्हणत होते आणि गाडी दंडोबाचा चढ सपाट रस्त्यासारखा चढत होती. हे खुशीत आले. गुंडाला म्हणाले, आता वाजत नाही ना, मग हेड अजून घास.

गुंडानं कपाळावर हात मारला. "आवं सायेब, लय झालं. आता घासलं तर व्हॉल्व येऊन पिस्टनला टेकतील. इंजिन हाय, चिंच न्हवं, किती बी पिळायला."

तरी घासलं. टेकता टेकता राहिले म्हणे. तेवढ्यात साताऱ्याहून क्लबाचं पत्र आलं. सगळ्यांनी पंपावरचं साधं पेट्रोलच वापरायचं, त्यात काही मिसळायचं नाही. स्पिरिटच्या भरवशावर घासलेलं हेड, ते काही परत वाढवता येत नाही. नवीन हेड बसवावं, असं मी म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही. यावेळी कानांचा दोष नव्हता.

पुन्हा दंडोबा. साध्या पेट्रोलवर इंजिन पहिल्या वळणापासून तडतडायला लागलं. "आलं," मी म्हणायची. गुंडा टायमिंग मागं घ्यायचा. "अजून आहे." अजून मागं. शेवटी मोहरी थांबली, पण टायमिंग मागं घेतल्यावर ताकदही गेली. वर्षभर घासून, मिसळून जे मिळवलं होतं ते सगळं परत गेलं, आणि वर चढताना एक रिकामा ट्रक आमच्या पुढं निघून गेला. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "एवढीच असते हो इंजिनाची झेप. आपली गाडी छान चालते. उद्या वाडीला जाऊ या?"

हे म्हणाले, "ताकद वाढत नसेल तर वजन कमी करता येईल."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव होतं.

गुंडा माझ्याकडे बघेना. पाना हातात घेऊन तो म्हणाला, "वैनी, मी बोललो सायबास्नी. म्हटलं, ती सीट राहू द्या." मी म्हटलं, "काढ." बोल्ट गंजलेले होते, सुटता सुटेनात, तेवढं एक मला बरं वाटलं. सीट निघाल्यावर खाली पत्रा दिसायला लागला. त्यावर भडंगाचे दोन-चार शेंगदाणे होते.

"टायमिंग आता बसलंय," हे मला म्हणाले, जणू मी तेच विचारलं होतं. "आता ऐकायची गरज नाही. तुझी रोजची दगदगही वाचेल."

मी घरी रिक्षानं आले.

शर्यत शहाण्णवच्या जानेवारीत, एका रविवारी होती. हे आदल्या दिवशीच गाडी घेऊन साताऱ्याला गेले. गाडीत एकच सीट, त्यामुळे गुंडाही एसटीनं गेला. मी जाणार नव्हते. रागावले होते आणि तो राग घरी बसून पुरवून पुरवून वापरायचा असं ठरवलं होतं. पण सकाळी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि एकटीसाठी चहाचं भांडं ठेवायला हात होईना. इस्लामपूर, मलकापूर, कराड करत एसटी साताऱ्याच्या पोवई नाक्याला पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. रिक्षावाल्यानं घाटाच्या अर्ध्यावर सोडलं, पुढं रस्ता बंद होता.

वळणावर माणसं जमली होती. लाल झेंडी घेऊन एक पेन्शनर सुभेदार उभे होते, हंबीरराव. नाव त्यांनी स्वतःच सांगितलं, आधी नाव, मग पलटण. माझ्यासाठी कठड्यावरचा दगड रुमालानं पुसून दिला.

"कुनाची गाडी बघाया आलाय, ताई?"

"आमच्या ह्यांची. पांढरी फियाट."

"सांगलीकर! सकाळी भेटले की खाली. गडी लय जिद्दीचा हाय. पर मी म्हटलं राम राम, तर नुसतं हसलं."

खालून इंजिनाचा आवाज यायला लागला. आवाजावरून मी गाडी ओळखली. वर्षभर दुसरं काय ऐकलं होतं? आणि त्या आवाजाच्या वर, अगदी बारीक, मोहरी तडतडत होती. गाडी अजून दोन वळणं खाली होती. टायमिंग बसवलं होतं तसं राहिलेलं नव्हतं. ह्यांनी सकाळी कुणाला न सांगता ते परत पुढं घेतलं होतं, ताकदीसाठी. मला ते बघावं लागलं नाही, कानांनीच कळलं.

मी उठून रस्त्याच्या कडेला गेले. "आवं ताई, मागं सरा, गाडी येतीया!" हंबीरराव ओरडले. फियाट वळणावर आली. खिडकीतून हे दिसले, मान पुढं काढलेली, दात आवळलेले. ती मोहरी आता मोहरी राहिली नव्हती, घण पडत होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आलं! अहो, आलं! पाय सोडा!" हात लावता येईल इतक्या जवळून गाडी गेली. ह्यांनी मान वळवली नाही. ह्यांच्या डावीकडे नुसता पत्रा होता.

पुढच्या वळणाआड काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि मग काहीच नाही. निळा-पांढरा धूर वर आला.

मी धावत गेले. ह्या वयात, साडीत, चढावर. हे स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. कुठं लागलेलं नव्हतं. मी खिडकीशी उभी राहिले, कारण बसायला जागा नव्हती. ह्यांनी विचारलं, "कधीपासून वाजत होतं?"

"खालून. पहिल्यापासून."

समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले, "तू असतीस तर कळलं असतं." मग म्हणाले, "पिस्टन बदलून घेऊ. सीट बसवू परत. तुझे कान लागतीलच."

वर्षभर मी ह्या वाक्याची वाट बघितली होती. आणि ते आलं तेव्हा मला संताप आला. माझे कान लागतील. मी लागेन असं नाही. मी सगळ्यांच्या देखत ओरडले, हंबीरराव आणि गुंडा धावत आले होते, त्यांच्या देखत, "कानासाठी मी बसणार नाही! यंत्र घ्या कानाला! यंत्र घ्या आणि मग ठरवा ती सीट कुणासाठी बसवायची!"

एवढं मात्र ह्यांना नीट ऐकू गेलं. गुंडा खाली बघत म्हणाला, "वैनी, च्या आनू का?" यवतेश्वरच्या घाटात कुठला चहा, पण त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

गाडी दोरीनं बांधून कराडपर्यंत आणि पुढं सांगलीला कशी आली ते मी बघितलं नाही. मी एसटीनं आले. एका पिस्टनला आरपार भोक पडलं होतं, असं नंतर कळलं. गुंडानं दुसरं हेड बसवलं, साधं, न घासलेलं. इंजिन पुन्हा फियाटच्या कारखान्यातून आलं तेव्हा होतं तसं झालं. आणि हे, एका शब्दानं मला न विचारता, स्वतःच मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र घातलेले घरी आले तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं केलं. पहिले दोन दिवस स्वतःच्याच चपलांच्या आवाजानं दचकत होते. मी भांडं खाली ठेवलं की वळून बघायचे. नळ गळतो हे त्यांना कळलं, तो कितीतरी महिने गळत होता.

शुक्रवारी गुंडा येऊन सीट बसवून गेला. मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. रविवारी सकाळी मी साडी बदलली. बदलायची नव्हती, पण बदलली. मनाशी ठरवलं होतं, मला बोलावल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही. कणीक मळायला घेतली. बाहेर गाडी सुरू झाली. फाटक उघडलं. गाडी गेली.

मी कणीक मळत राहिले. ती मळून झाली तरी मळत राहिले. रडले नाही. रडायला कुणीतरी दार उघडून आत येईल अशी आशा लागते.

गाडी अर्ध्या तासात परत आली. हे स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. एवढ्या वर्षांत जेवणाखेरीज ह्या खोलीत बसलेले मला आठवत नाहीत.

"दंडोबाला जाऊन आलात?" मी विचारलं.

"नाही. मिरजेच्या अलीकडूनच वळलो." थोड्या वेळानं म्हणाले, "इंजिन अगदी गप्प आहे आता. गाडीत काही ऐकायलाच नाही. मग वळलो."

हे इकडे तिकडे बघत होते, भिंतीकडे, फडताळाकडे, कानाचं यंत्र बोटानं चाचपत. मला वाटलं, सेल संपला की काय.

"सुहासिनी," ह्यांनी मला नावानं हाक मारली, "घरात रोज एवढं शांत असतं?"

"ज्ञानदा गेल्यापासून असंच असतं."

"मला वाटायचं," हे म्हणाले आणि थांबले. "मला वाटायचं, तू बोलत असशील. माझ्याच कानांपर्यंत येत नसेल. मी समजायचो, बोलते आहे काहीतरी."

माझे हात कणकेत होते.

"बोलायचे," मी म्हटलं. "आधी बोलायचे."

हे पाटावरच थोडे पुढं सरकले, यंत्र असलेला कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, "बोल आता. येतंय मला ऐकू."

मी तोंड उघडलं, आणि मला एक शब्द सुचेना.